छतवाले चार स्पीकर

वाळूजच्या एका कंपनीत मी प्रेस शॉपला होतो आणि बिडकीनवालाही. पत्र्याची चादर प्रेसखाली सरकते, वरून दणका बसतो आणि पलीकडून गाडीचा एखादा भाग बाहेर पडतो. दिवसभर हेच. तिथं बोलणं शक्यच नसायचं. हातानं खुणा करायच्या, मान हलवायची, संपलं. त्यामुळे एकाच लाइनवर कितीतरी महिने उभे राहूनही आमची खरी ओळख झाली ती कंपनीच्या बसमध्ये.

मी सिडकोत राहायचो, तो मुकुंदवाडीत भाड्यानं. गाव त्याचं बिडकीनजवळ, म्हणून लाइनवर सगळे त्याला बिडकीनवाला म्हणायचे. शिफ्ट सुटली की बस नगर नाका, छावणी करत जालना रोडला लागायची आणि तिथं एका दुकानाच्या काचेत मोठे काळे स्पीकर ओळीनं उभे दिसायचे. दुकान आलं की मी मान वळवून बघायचो. एकदा शेजारच्या सीटवरून आवाज आला, "तुमाला बी येड हाय का ह्याचं?" तोच होता. त्या दिवसापासून आम्ही बसमध्ये शेजारी बसायला लागलो.

त्याचं वेड गावातून आलेलं होतं. लग्नाआधी तो गावात साउंड लावायचा. जयंतीला, लग्नात, कीर्तनालासुद्धा. कोणता भोंगा कुठल्या झाडाला बांधला म्हणजे शेवटच्या घरापर्यंत शब्द नीट जाईल, हे त्याला बघता बघता कळायचं. माझं वेड साधं होतं. थेटरात पिक्चर बघताना मी पडद्याकडं कमी आणि आवाजाकडं जास्त लक्ष द्यायचो. मागच्या बाजूनं दार उघडल्याचा आवाज आला की वळून बघायचो. बायको हसायची.

घरी माझ्याकडं तेव्हा पाच पॉइंट एकचा संच होता. समोर तीन स्पीकर, बाजूला दोन आणि जाड आवाजाचा एक वूफर. सात पॉइंट एक म्हणजे पाठीमागं आणखी दोन. माझं म्हणणं असं की माणसाला कान दोनच आहेत, सात स्पीकर भरपूर झाले. त्याचं म्हणणं वेगळं होतं. कँटीनमध्ये त्यानं एकदा ताटाभोवती स्टीलचे पेले मांडले.

"हे बघ. हे पाच. हे तुझे सात. समदे जमिनीवर. आता मला सांग, पाऊस काय जमिनीतून येतो का? इमान काय सोफ्याच्या मागून उडतं?" मग एक पेला उचलून त्यानं माझ्या डोक्यावर धरला. "वर पायजेत. छतात."

छतातूनही आवाज देणारा तो फॉरमॅट तेव्हा नवा नवा होता. त्याचं इंग्रजी नाव आम्ही कधी घेतलं नाही. छतवाला म्हणायचो. जुन्या पद्धतीत कोणता आवाज कोणत्या स्पीकरमधून यायचा हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. छतवाल्यात तसं नसतं. तिथं आवाजालाच जागा नेमून दिलेली असते. आत्ता हा पक्षी इथं, आता तिथं. तुमच्या घरात स्पीकर किती आणि कुठं आहेत ते बघून पक्ष्याला कुठून वाजवायचं, हे मशीन ठरवतं. मी म्हणायचो, आपल्या घरांना स्लॅब, स्लॅबमध्ये भोकं कोण पाडणार? तो म्हणायचा, मग पीओपीचं खोटं छत करायचं. मी म्हणायचो, खोटं छत केलं की खोली आणखी बुटकी होणार. असं भांडण नगर नाक्यापासून सिडकोपर्यंत चालायचं. दोघंही इतक्या मोठ्यानं बोलायचो की पुढच्या सीटवरचे लोक वळून म्हणायचे, अरे हळू, आम्हाला घ्यायचंय का तुमचं ते छत?

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही त्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस होता. आम्ही घेणाऱ्यांपैकी नाही हे त्यानं ओळखलं असणार, तरी आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि एकच प्रसंग तीनदा लावला. जंगलात पाऊस पडतोय आणि एक पक्षी ओरडत उडतो, एवढंच. पहिल्यांदा पाचवर. पाऊस आमच्याभोवती होता. मग सातवर. पाठीमागची झाडं वेगळी झाली, लांबची आणि जवळची. मी बिडकीनवाल्याकडं विजयानं बघितलं. मग दुकानदारानं छतवाला सुरू केला.

ते मला अजून सांगता येतं. पानांवर पडलेलं पाणी आधी पानावर साठत होतं आणि मग खालच्या पानावर टपकत होतं. दोन्ही आवाज वेगळे, एक वर आणि एक जरा खाली. पक्षी डाव्या खांद्यापासून निघाला आणि माझ्या टाळूवरून पलीकडं गेला. मी डोकं खाली घेतलं, खरोखर. बिडकीनवाला डोळे मिटून बसला होता. त्यानं डोळे उघडून वर बघितलं आणि म्हणाला, "डोक्यावरनं गेलं की रं!"

बाहेर आल्यावर मी हार मान्य केली. आम्ही उसाचा रस प्यायलो आणि ठरवलं की माझी मुलगी शिकून बाहेर पडली, तिची खोली मोकळी झाली, की त्या खोलीत छतवाला बसवायचा. खोली माझी, बांधणी त्याची. दर रविवारी दोघांनी ऐकायचं.

मध्ये बरीच वर्षं गेली. लॉकडाउन आला आणि गेला. बिडकीनकडं नव्या कंपन्या यायला लागल्या तेव्हा त्यानं तिकडं काम बघितलं आणि मुकुंदवाडीची खोली सोडून गावी राहायला गेला. तिथंही प्रेसवरच. माझी मुलगी पुण्याला नोकरीला लागली.

ह्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती, पण मी तिचा अर्थ वेगळाच लावला. टीव्हीवरचे संवाद मला नीट लागत नव्हते. माणसं बोलतायत हे कळायचं, काय बोलतायत ते निसटायचं. मी बायकोला म्हणायचो, हल्लीचे नट पुटपुटतात. ती म्हणायची, "अहो, आवाज किती वाढवताय, शेजारचे येतील." मुलीचा फोन आला की मी म्हणायचो, तुझ्याकडं रेंज नाही. ती म्हणायची, "पप्पा, मला तर तुमचं सगळं स्पष्ट येतंय." मला वाटलं, आपला संच जुना झाला. मधल्या स्पीकरचा पडदा गेला असेल. म्हणजे कान जसजसा जात होता तसतशी माझी नव्या संचाची घाई वाढत होती.

मुलीनं खोलीतलं सामान पुण्याला नेल्यावर आम्ही काम काढलं. रविवारी सकाळी तो बिडकीनहून मोटारसायकलवर यायचा. "जय भीम वहिनी, च्या टाका," असं दारातूनच ओरडायचा आणि कामाला लागायचा. पीओपीचं छत झालं, त्यात चार गोल भोकं पाडली. भिंतींना जाड पडदे, खाली सतरंजीवर गालिचा, दाराच्या फटीला रबर. बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला भिंतीवर आपटून घुमू नये म्हणून. सोफ्यावर डोकं जिथं येणार तिथं त्यानं एक खिळा बांधलेली सुतळी धरली आणि प्रत्येक स्पीकरपर्यंतचं अंतर मोजलं.

बायको दारात उभी राहून म्हणाली, "लग्नाचा मांडव घालताय का दोघं?"

"वहिनी, मांडवात लोक जेवून निघून जात्यात," तो म्हणाला. "हितं रोज बसायचंय."

सगळं जोडून झालं त्या रविवारी तिनं पोहे केले होते. आम्ही खिडकीचे पडदे ओढले. मी त्या दुकानातल्यासारखाच एक प्रसंग शोधून ठेवला होता. जंगल, पाऊस, पक्षी. सुरू केलं आणि दोघं मान मागं टेकून बसलो.

पाऊस होता. गडगडाट तर छातीत बसत होता, वूफर चांगलाच होता. पण पाऊस म्हणजे एक सलग घरघर होती, लांबून ट्रक जात राहावा तशी. वर काही होतं का? मला वाटलं, असेल. इतकी वर्षं वाट बघितली, एवढं बांधलं, म्हणजे असणारच. मी म्हणालो, "वा! काय पाऊस आहे."

"लई भारी," तो म्हणाला. त्यानं डोळे मिटलेले होते. "पार डोक्यावर पडतोय."

"पक्षी ऐकलास?"

"व्हय. गेला की वरनं."

मला पक्षी ऐकू आला नव्हता. पण त्याला आला असेल तर तो होता. मला बरं वाटलं.

तेवढ्यात बायको पोह्यांच्या बशा घेऊन आत आली. बशा ठेवून ती खोलीच्या मध्यात उभी राहिली, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "वरचे अजून चालू नाही केले का?"

मी म्हणालो, "चालू आहेत की."

"अहो नाही. वरून काहीच येत नाहीये. सगळं खालूनच येतंय."

मशीनच्या छोट्या पडद्यावर बघितलं. पाच पॉइंट एक असं लिहिलेलं होतं. ज्या डब्यातून पिक्चर येत होता त्याची सेटिंग जुनीच राहिली होती. छतातले चारही स्पीकर बंद होते. तारा बरोबर, जोडण्या बरोबर, पण त्यांच्यापर्यंत आवाज गेलाच नव्हता. मी बिडकीनवाल्याकडं बघितलं नाही. तोही पोह्यांच्या बशीकडं बघत होता.

मी सेटिंग बदलली आणि प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला. ह्या वेळी आम्हा दोघांपैकी कोणीच डोळे मिटले नाहीत. बायको पदराला हात पुसत उभी होती. पाऊस सुरू झाला आणि तिनं एकदम मान वर केली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "इथं वर पडतंय सगळं."

मला तीच घरघर ऐकू येत होती. छताकडं बघितलं तर पांढरं पीओपी आणि चार गोल जाळ्या. मग बायकोची नजर हळूहळू सरकायला लागली. डाव्या कोपऱ्यातून, आमच्या डोक्यावरून, दाराकडं. ती कशामागं बघतेय हे मला माहीत होतं. मला ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं, बस्स.

बिडकीनवाल्यानं खालच्या आवाजात विचारलं, "वहिनी, आत्ता कुठं हाय?"

"काय, पक्षी? दाराकडं गेला." ती थांबली. "आता परत आला, भाऊजी. तुमच्या डोक्यावर आहे बघा."

तो मान वर करून बसून राहिला. तोंड जरा उघडं होतं. प्रसंग संपला तरी त्यानं मान खाली घेतली नाही. बायकोला तेव्हा समजलं. तिनं रिमोट घेऊन सगळं बंद केलं आणि म्हणाली, "पोहे गार होतायत."

जाताना मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. गाडीला किक मारण्याआधी तो थांबला.

"तुला आला का रं ऐकू?"

"नाही."

"मला बी नाय," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला येतंय."

पुढच्याच आठवड्यात बायको मला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. बाई होत्या, तरुण, बोलायला मऊ. त्यांनी मला एका काचेच्या पेटीत बसवलं, कानावर हेडफोन घातला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला काही जाड आवाज आले, मी दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. अंगठा बटणावर ठेवून मी वाट बघत बसलो. दार उघडलं तेव्हा मी विचारलं, "पुढचं कधी सुरू करणार?"

"झालं, काका," त्या म्हणाल्या.

बाहेर बायको खुर्चीवर बसली होती. पेटीच्या काचेतून तिला मी दिसत होतो, आणि मशीनवर आवाज सोडल्याचा दिवा लागलेलाही. दिवा लागत होता आणि मी समोर बघत बसलो होतो, असं तिनं नंतर सांगितलं.

डॉक्टर म्हणाल्या, जाड आवाज तुम्हाला बरेच येतात. बारीक आवाज गेलेत. बाईमाणसाचं बोलणं, पोरांचं बोलणं, स आणि श, पानांचा आवाज, पाखरं, काच, पाण्याचे थेंब. प्रेसच्या दणक्यानं कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात. कंपनीत इअरप्लग मिळायचे, नाही असं नाही. पण ते घातले की प्रेसचा आवाज बिघडलेला कळत नाही आणि मग हात धोक्यात येतो, म्हणून लाइनवर सगळेच ते गळ्यात लटकवून ठेवायचे.

"औषधानं किती दिवसांत येईल?" बायकोनं विचारलं.

"परत येत नाही हो. आहे ते टिकवायचं. कानात मशीन लावलं तर बोलणं कळायला मदत होईल."

मी विचारलं, "आणि पिक्चर?"

त्यांना प्रश्न कळला नाही. "टीव्ही ना? सबटायटल लावून बघा की," त्या म्हणाल्या.

बिडकीनवाल्याला मी खूप सांगितलं की तूही तपासून घे. तो ऐकेना. "मशीन म्हणलं बहिरा, तर लाइनवरनं काढत्याल. पोराचं कॉलेज चालू हाय. नाय कळलं ते बरं." मला निदान सुपरवायझर करून प्रेसपासून जरा लांब बसवलं होतं. तो अजून तिथंच उभा होता, रोज, त्याच दणक्याखाली.

मी कानाचं मशीन घेतलं. बायकोचं बोलणं आता कळतं, समोर बसून बोलली तर. पण मशीन घालून मी त्या खोलीत गेलो तेव्हा पाऊस पत्र्यावर खिळे ओतल्यासारखा यायला लागला. पक्षी आला, पण तो कुठल्याच बाजूनं आला नाही. कानातच कुणीतरी शिट्टी वाजवावी तसा. मी मशीन काढून ठेवलं.

तरी काही दिवस मी एकटाच तिथं बसून तुलना करत राहिलो. दुपारी बायको बाहेर गेली की एकच प्रसंग लावायचा. आधी दोन स्पीकरवर, मग पाचवर, सातवर, छतवाल्यावर. रिमोटचं बटण दाबलं की मशीनच्या पडद्यावरचा आकडा बदलायचा. एवढाच फरक. पुढचा आणि मागचा मला अजून जरासा वेगळा कळायचा, आणि वूफर तर पायाला जाणवायचा. वर मात्र काही नव्हतं. मी आठवून बघायचो, दुकानातलं ते पानांवरून टपकणारं पाणी. आठवायचं की तसं काही होतं, पण कसं होतं ते येत नव्हतं. वास जसा आठवत नाही, तसं.

आणि बंद केलं की आणखी वाईट. आम्ही ती खोली फार चांगली बांधली होती. बाहेरचा एकही आवाज आत येत नव्हता. त्यामुळे माझ्या कानात जी किर्र सतत वाजत असते, प्रेसवरून घरी आल्यावर आधी तासभर वाजायची आणि आता थांबतच नाही, ती त्या खोलीत सगळ्यात मोठी ऐकू येते. रस्त्यावर, बाजारात ती दबते. त्या खोलीत फक्त तीच असते. मी तिथं जाणं सोडलं.

मुलगी दिवाळीला आली तेव्हा तिनं खोली बघितली आणि खूश झाली. एक पिक्चर लावला आणि मला शेजारी बसवलं. मध्येच ती माझा हात धरून म्हणायची, "पप्पा, हे ऐकलं?" मी मान हलवायचो. तिला आईनं सांगितलं होतं की नाही मला माहीत नाही. नंतर तिनं विचारणं बंद केलं आणि पिक्चर संपेपर्यंत हात तसाच धरून बसली.

बिडकीनवाला दर रविवारी यायचा, तो मग महिन्यातून एकदा यायला लागला. आमचं भांडण झालं नव्हतं. पण खोलीत बसायचं नाही म्हटल्यावर आम्ही बाहेर ओट्यावर बसायचो आणि बोलणं पुढं जायचं नाही. तो काहीतरी सांगायचा, मी "काय?" म्हणायचो. मी सांगायचो, तो "आं?" म्हणायचा. दोनदा विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, मग हां हां म्हणायचं. बसमध्ये ओरडून ओरडून भांडलेली माणसं आम्ही, आता समोरासमोर बसून हां हां म्हणत होतो. फोनवर तर तेही जमत नव्हतं.

एकदा मीच त्याच्या गावी गेलो. त्यानं खाटेवर बसवलं, चहा आला. घरात टीव्ही इतक्या मोठ्यानं चालू होता की त्याची बायको हातवारे करून बोलत होती. मी विचारलं, "काम कसं चाललंय?" तो म्हणाला, "नाय, गाडी विकली." कोणती गाडी, का विकली, मी विचारलं नाही. निघताना त्यानं माझा हात बराच वेळ धरून ठेवला. काहीतरी म्हणाला. त्याचे ओठ हललेले मी बघितले, पण टीव्हीच्या गोंगाटात मला ते लागलं नाही, आणि मी हां म्हणालो.

त्यानंतर आमची भेट नाही. मागच्या महिन्यात त्यांच्याकडून फोन आला. आमच्या घरी फोन बायको उचलते आणि तिकडं त्याची बायको करते. दोघी बराच वेळ बोलल्या. पोराचं, पाण्याचं, कुणाच्या तरी लग्नाचं. मी शेजारी बसून बायकोच्या तोंडाकडं बघत होतो. फोन ठेवायच्या आधी मी खूण करून विचारलं, तो कसा आहे?

बायकोनं फोनवर विचारलं, जरा ऐकलं आणि माझ्याकडं वळून मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "शेजारीच बसलेत म्हणे. बरं आहे म्हणतायत."

"सांग, माझंही बरं आहे," मी म्हणालो, आणि तिनं तसं सांगितलं.